शेठच्या कोटाचा घेर

जळगावला सर्कस उतरली तेव्हा भरिताचे दिवस होते. मोठ्या तंबूमागे चुडामणची राहुटी होती. तिच्या एका अंगाला घोडे बांधलेले, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकी तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत बसलेला. धुराने डोळे झोंबायचे. चुडामण डोळे पुसायचा आणि पुन्हा मशीनचं पायडल मारायचा. तो सर्कशीचा शिंपी. विदूषकाच्या विजारीपासून हत्तीच्या झुलीपर्यंत सगळं काम त्याचं.

त्या दिवशी तो केसरचा झगा शिवत होता. केसर ही तारेवर चालणारी नवी मुलगी. पांढऱ्या सुती जाळीचे थरावर थर आणि कमरेला घट्ट पट्टी, असा तो झगा. नाच शिकवणारे, केरळातल्या तलशेरीचे कण्णन मास्तर तेवढे त्याला टुटू म्हणायचे. तान्ह्या पोराला हाक मारावी तसलं नाव.

गेल्या वर्षीपर्यंत असा झगा झुंबर घालायची. झुंबर चुडामणची बायको. धुळ्यात, पांझरेकाठच्या मैदानावर, तीनच्या खेळात, तारेखालच्या मशालीने तिचा झगा पेटला होता. लोकांना वाटलं, खेळातलंच आहे. टाळ्या पडल्या.

जाळी पेटते हे झुंबरला ठाऊक होतं. मास्तरांनीच सांगितलं होतं. फ्रान्समध्ये म्हणे आधी हा झगा घोट्यापर्यंत घंटेसारखा असायचा. पायांचं काम दिसावं म्हणून तो गुडघ्यावर आला. पुढे इतका आखूड आणि ताठ झाला की कमरेभोवती परातीसारखा आडवा उभा राहायला लागला.

"और तब गॅसचे दिवे होते," मास्तर म्हणाले होते. "पोरी जळायच्या. मग तुरटीसारख्या औषधाच्या पाण्यात कपडा बुडवायचा हुकूम निघाला. एक मोठी नाचणारी नको म्हणाली. कपडा मळका दिसतो म्हणाली. ती पण जळली."

"येडी व्हती का ती?" झुंबर म्हणाली होती.

त्या दिवसापासून ती प्रत्येक झगा खळ देण्याआधी तुरटीच्या पाण्यात बुडवायची. वाळला की टोक जिभेला लावायची आणि नवऱ्यापुढे धरायची. "देख, तुरट लागस ना? मंग डर नही."

पण देवचंद शेठना ते आवडलं नाही. सर्कस त्यांची. लांब लाल कोट घालून तारेखालच्या मशाली ते स्वतः पेटवायचे. "जाळी चांदण्यासारखी दिसली पाहिजे," ते म्हणाले. "हे फडकं बघायला कोण तिकीट काढील?" त्यांनी तुरटीची बादली लाथेने पालथी केली. चुडामण हातात सुई धरून उभा होता. उभाच राहिला. त्याच आठवड्यात झुंबर गेली. शेठनी पोलिसांना सांगितलं, बाई स्टोव्हवर झगा वाळवत होती, तिथेच पेटली. बघणाऱ्यांना तो खेळच वाटला होता, म्हणून तसंच लिहिलं गेलं.

केसरची जाळी चुडामणने आता कोणाला न विचारता तुरटीच्या पाण्यात बुडवली. ती वाळत होती तेवढ्यात शेठ राहुटीत आले.

"चुडामण, कोट मरगळलाय माझा. घेराला काहीतरी कडक घाल. उठून दिसला पाहिजे."

झुंबरच्या झग्यातली उरलेली जाळी पेटीच्या तळाशी होती. तुरटी न लागलेली. चुडामणने ती बाहेर काढली. निदान एक थर तरी याच्या अंगाला लागू दे, एवढंच त्याच्या मनात आलं. अस्तराच्या आत खालच्या घेराला त्याने एकच थर लावला आणि अस्तर शिवून बंद केलं.

कोट घंटेसारखा उभा राहिला. शेठ आरशापुढे दोनदा फिरले. "वा! हात आहे तुझ्यात."

काही दिवसांनी केसर हसत आली. "चुडामणभाऊ, शेठचा कोट आटला का? काल गुडघे दिसत होते."

"धुतलाच नही तर आटी कसा?"

त्याने कोट मागून आणला आणि उंची मोजली. कापड तेवढंच होतं. पण कोट टांगला की खाली लोंबत नव्हता, बाजूला पसरत होता. वजनही वाढलं होतं. चुडामणने तो हुंगला. झुंबर खळीत चिमूटभर कापूर घालायची. कोटाला कापराचा वास येत होता.

मग शेठच्या टाचांचं सुरू झालं. टाचा टेकवत नाहीत, पोटऱ्या भरून येतात, असं ते मालिश करणाऱ्याला सांगत होते. मोठ्या पोटाचा, जडशीळ माणूस तो. तंबूमागून जाताना त्याच्या पावलांचा आवाज येईनासा झाला. एकदा चुडामणने मान वर केली तर शेठ समोर उभे. कधी आले ते कळलंच नाही.

रविवारी दुपारी ते कोट घेऊन आले. तिकिटाच्या खिडकीवर नशिराबाद, जामनेरहून आलेल्या लोकांची गर्दी होती. बँड तयारीला लागला होता.

"काय घातलंस यात? काढ सगळं. आत्ता."

चुडामणने अस्तर उसवलं. आत जाळी होती. थरावर थर, थरावर थर, बोट शिरायला जागा नव्हती. त्याने एकच लावला होता. त्याने टाके पाहिले. झुंबर डावखुरी, तिचा टाका उलट्या अंगाने कलायचा. सगळे टाके तसे कललेले होते. एक टोक त्याने जिभेला लावलं. तुरट लागलं नाही.

त्याने कात्री उचलली. मग हात थांबला.

"शेठ, एक सांगू का? धुळ्याला बादली कोणी पालथी केली, तेवढं पोलिसांना सांगा. स्टोव्ह नव्हता म्हणून सांगा. माझी बायको अडाणी नव्हती."

शेठ हसले. "वर्ष झालं, बाबा. मेलेल्या बाईपायी तंबू मोडू का? दुसरी बघ आता. काढ लवकर, घंटा होईल."

चुडामणने त्यांच्याकडे पाठ केली. कात्री खाली ठेवली. सुईत दोरा ओवला आणि अस्तर होतं तसं शिवून टाकलं.

"काढलं," तो म्हणाला.

तीनचा खेळ सुरू झाला. चुडामण पडद्याच्या फटीशी उभा राहिला. केसर तारेवर चढली. शेठ जळती मशाल घेऊन रिंगणात आले.

कोट गुडघ्यापर्यंत होता.

दोन पावलं टाकली तोवर तो मांड्यांवर आला.

मग वर उठला आणि कमरेभोवती परातीसारखा आडवा उभा राहिला. लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली.

शेठ हसत नव्हते. ते चवड्यांवर उभे होते. मग बोटांवर. मशाल टाकायला ते हात झटकत होते, पण मूठ उघडत नव्हती.

"चुडामण!" ते ओरडले. "सोडव रे हे!"

चुडामण जागचा हलला नाही.

शेठ फिरायला लागले. सावकाश, मग भरभर. मशाल खाली आली आणि घेराच्या कडेला टेकली.

जाळी एकदम पेटली. पांढरी, चांदण्यासारखी.

ज्वाळा तारेपर्यंत गेली. केसरच्या झग्याची कड काळी पडली आणि विझली. ती पलीकडच्या खांबाला घट्ट धरून बसली.

शेठ पेटल्यावरही फिरतच होते. वाळूच्या बादल्या घेऊन माणसं धावली तोवर लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस रिंगण बघून गेले. रिंगणातल्या लाकडी भुशात शेठच्या बुटांचे ठसे सुरुवातीला दिसत होते, पुढे नव्हते. पुढे होते ते लहान, अनवाणी पावलांचे. नुसत्या बोटांचे, गोल गोल. बघ्यांपैकी कोणी घुसलं असेल, असं हवालदार म्हणाला.

चुडामण राहुटीत परतला. मशीनच्या पायडलवर भुसा सांडलेला होता. रात्री खुंटीला लावलेला त्याचा सदरा आता सुईखाली होता. त्याच्या खालच्या घेराला आतून जाळीचा पहिला थर लागला होता. टाके उलट्या अंगाने कललेले. बादली पालथी झाली तेव्हा तोही नुसता उभाच राहिला होता.

चुडामणने दोरा तोडला, सदरा झटकला आणि अंगात घातला.