दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. या मास्तरांची उभी हयात त्या दुसऱ्या ब्रेकवर गेली होती. शिकणाऱ्यांशी ते भलतेच कडक. समोर खांब दिसत असला तरी शेवटच्या क्षणापर्यंत ते आपला पाय हलवायचे नाहीत. घाम फुटू दे, पोटात गोळा येऊ दे, ब्रेक मारायची अक्कल त्यातूनच येते, असं त्यांचं मत होतं. फक्त स्वतःच्या लेकीला शिकवताना त्यांचा धीर सुटायचा. लांबवर एखादी सायकल दिसली रे दिसली, की ते ब्रेक दाबून मोकळे. लेकीला घरात भिंगरी म्हणत. भिंगरीला गाडी चालवता येऊ लागली, थांबवायला मात्र ती कधी शिकलीच नाही.

लायसन्स मिळालं, नोकरी लागली, जुनी का होईना गाडी आली, आणि गाडी चालवताना भिंगरीचा फोन पर्समधून हातात आला. मास्तरांनी समजावलं, आरडाओरडा केला, अबोला धरून पाहिला. "बाबा, तुम्ही ना उगाच जीव काढता," एवढं बोलून ती किल्ली फिरवत निघून जाई.

एका सकाळी टेबलाशी चहा पिताना मास्तरांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. इतक्या जोरात, की टेबल हललं आणि चहा बशीत सांडला. "घरात तरी गाडी थांबवा," बायकोने चिडवलं. संध्याकाळी भिंगरी परतली ती पांढरीफटक होऊन.

"शाळेपाशी एक पोरगी आडवी आली. माझं लक्ष नव्हतं, बाबा. पण गाडी आपली आपणच थांबली."

"ब्रेक तू दाबलास."

"माझा पाय तिकडे नव्हताच."

मास्तर असल्या गोष्टींना हसणारे. त्यांनी गाडी गॅरेजात नेऊन चाकापासून पेडलपर्यंत उलटीपालटी करून घेतली. ब्रेक ठणठणीत होता. मग केस कापून घेताना पाय दाबला गेला, मग बँकेच्या रांगेत. दर वेळी पायाखालची फरशी पेडलसारखी जराशी आत जायची, आणि त्या संध्याकाळी लेक काहीतरी सांगायची. ट्रक, कुत्रं, हातगाडी. पुढे पुढे तिने सांगणंही सोडलं. आता ती चालत्या गाडीत मेसेज लिहू लागली होती.

"तुम्ही आहात ना," बाबांच्या पाय दाबण्याची गंमत आईकडून ऐकून ती एकदा हसत म्हणाली.

तेव्हापासून ती बाहेर असेल तोवर मास्तर पाय जमिनीला टेकवूनच बसत. फोन करून तिला सावध करायचीही सोय नव्हती, कारण वाजला की ती उचलणार. बायकोला यातलं अक्षरही सांगायची त्यांना लाज वाटे. काय सांगणार होते? आपल्या लेकीचा जीव आपल्या तळपायाशी आलाय, एवढंच त्यांना कळत होतं, आणि त्यावर त्यांचा काही इलाज नव्हता.

शेवटी गुडघ्याने दगा दिला. ऑपरेशनला पर्याय नाही, डॉक्टर म्हणाले. पाठीत इंजेक्शन देऊ, संध्याकाळपर्यंत कमरेखाली काही कळणार नाही. आदल्या दिवशी मास्तरांनी लेकीपुढे अक्षरशः हात जोडले.

"उद्या गाडी काढू नकोस. बसने ये."

"बरं, बाबा. नाही काढत."

दुपारी त्यांना वॉर्डात आणलं, तेव्हा दोन्ही पाय कुणा परक्याचे असावेत तसे चादरीखाली पडून होते. खिडकीतून ऊन येत होतं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा घोरत होते. बायको फोन कानाला लावून उभी होती.

"कुणाशी बोलतेस?"

"भिंगरीशी. सगळं नीट झालं म्हणून सांगतेय. बस चुकली म्हणे तिची, गाडीनेच निघालीय."

"ठेव तो फोन."

"अहो, तीच बोलतेय. तिच्या ऑफिसातली गंमत..."

"ठेव म्हणतो ना."

बायको हसली. बाबा वॉर्डात येतायत तोच रागवायला लागले, असं ती पलीकडे सांगू लागली. मास्तरांनी पाय दाबला. म्हणजे, दाबायचं ठरवलं. चादरीची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"माझा पाय दाब."

"दुखतोय का?"

"उजवं पाऊल. खाली दाब. दोन्ही हातांनी."

तिने दाबलं, पण एकाच हाताने. दुसऱ्या हातात फोन होता.

पाऊल ढिम्म हललं नाही.

"जोरात," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

बायकोने घाबरून हात काढून घेतला.

मग पाऊल खाली गेलं. एकदम, पार शेवटपर्यंत, आणि तिथेच ताठ राहिलं.

"अहो," बायको म्हणाली, "ती बोलायची थांबली. नुसतं टिकटिक ऐकू येतंय. इंडिकेटर चालू राहिला की येतं ना, तसं."



ब्लडप्रेशर बघायला आलेल्या सिस्टरने चादर बाजूला केली. तिने पाऊल सरळ करायला हात लावला, मग दुसराही हात लावला. पाऊल वर येईना.

"काका, टाके ताजे आहेत. पाय सैल सोडा बघू."

"मी दाबलेला नाही," मास्तर म्हणाले. "तिने दाबलाय."