भट्टीत गेलेली उल्का

मिरजेच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर एकच लांब बाक होता. क्रांती त्याच्या एका टोकाला बसली होती. आत तिची आई, शालूबाई. काळजाची झडप बदलायची होती. वडील रक्ताची सोय बघायला खाली गेले होते आणि क्रांतीच्या हातात एका चित्रकथेचा अंक होता. ती वाचत नव्हती, नुसती पानं उलटत होती. हातांना काहीतरी चाळा हवा होता.

“जरा हळू उलटता का?”

तिनं मान वळवली. शेजारी बसलेला तरुण तिच्या खांद्यावरून अंकात डोकावत होता. पकडला गेल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“माझं वाचून होत न्हाई तवर तुमी पान उलटताय,” तो म्हणाला. “मी... जरा सावकाश वाचतो.”

तो जयराज. मूळचा क्रांतीसारखाच विट्याकडचा, पण वाढला कोईमतूरला. तिथं त्याच्या चुलत्याचं, नानासोंचं, गलाईचं दुकान होतं; जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं. शाळा सगळी तमिळमध्ये झाली. मराठी घरात बोलायचा, पण अक्षरं मात्र सुट्टीत गावी आला की एस.टी.च्या पाट्या वाचत शिकला होता. आता चुलतीला दवाखान्यात घेऊन आला होता.

त्यानं विचारलं, चित्रातल्या या बाईच्या हातातून जाळ का निघतोय. मग क्रांती बोलायला लागली ती थांबेना. जाळ नव्हे, उजेड. ही उल्का. माळावर मेंढरं राखणारी पोर, अंगावर तारा पडला तेव्हापासून अशी झाली. बाकीचे वीर कसे कशालाच भीत नाहीत. हिचं उलटं. ही घाबरली की हिच्या तळहातांतून उजेड फुटतो. जितकी जास्त भीती, तितका जास्त उजेड. चित्रकारानं तिला कधी नटवी काढली नाही. ओढणी कंबरेला खोचलेली, पायात टायरच्या चपला, कपाळावर घाम. आणि उडताना ती नेहमी डोळे मिटून घेते, कारण उंचीचं तिला भ्या वाटतं.

“तुमालाबी आत्ता भ्या वाटतंय,” जयराज म्हणाला.

“लय.”

“मग हातातनं उजेड कुठं हाय?”

क्रांती हसली. त्या बाकावर बसून हसता येईल असं तिला वाटलं नव्हतं. लगेच तिनं ओठ मिटले आणि दाराकडं पाहिलं... दार बंदच होतं. जयराजनं अंकाचं पान हळूच मागं उलटलं आणि पहिल्या ओळीपासून, एकेका अक्षरावर बोट ठेवत, मोठ्यानं वाचायला लागला. तो अडखळला की ती शब्द पुरवायची. दार उघडलं तेव्हा ते शेवटून दुसऱ्या पानावर होते. शालूबाई सुखरूप होत्या.

त्यानंतर फोन सुरू झाले. तो कोईमतूरहून उल्काबद्दल विचारायचा; ती औषधांच्या दुकानात काम करता करता उत्तरं द्यायची. जत्रेला, सणाला तो आला की एखादा अंक घेऊन जायचा आणि पुढच्या खेपेला परत आणायचा. दोन्ही घरांत कुजबूज झाली, मग उघड बोलणं झालं. दसऱ्याला पोहे ठरले.

त्याआधी क्रांतीनं त्याला शेवटचा अंक दिला होता. उल्काच्या कथा छापणारा सांगलीचा छोटा छापखाना तो अंक काढून बंद पडला होता. कुणाकडं दुसरी प्रत असल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं. देताना तिनं अंकावरून हात फिरवला होता. तो म्हणाला होता, जिवापलीकडं जपीन.

गलाईच्या दुकानात एक रीत असते. सोन्याची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण सतरंजीवर, कपड्यांवर, कागदावर, सगळीकडं बसते. म्हणून तिथलं काही फेकत नाहीत. दसऱ्याआधी सगळं गोळा करून भट्टीत घालतात आणि राखेतून सोनं काढतात. दुकानात आलेला कागद पुन्हा बाहेर जात नाही, हे जयराजला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्यानं तो अंक दुकानात नेऊन ठेवला. सोनं वितळवायची मूस तापेपर्यंत दोन पानं वाचून व्हायची. एक दिवस तो बँकेत गेला असताना नानासोंनी भट्टी लावली. तो परतला तेव्हा धुराड्यातून काळा धूर निघत होता.

त्या संध्याकाळी त्यानं क्रांतीला फोन केला. “मला एक सांगायचं हाय,” तो म्हणाला. “फोनवर न्हाई. आल्यावर.”

फोन ठेवल्यावर क्रांतीच्या मनात तेच घोळत राहिलं. जे सांगायचं ते फोनवर का सांगता येत नाही? तिकडची कुणीतरी असणार... केसांत मोगरा माळणारी, त्याच्याच शाळेतली. तिला जेवण जाईना. आईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

इकडं रेल्वेत नानासो पुतण्याला समजावत होते, सांग की गाडीत हरवला म्हणून, गाडीत काय हरवत न्हाई? जयराज खिडकीशी बसून ते खोटं मनात घोकत होता. मिरज जवळ येत गेली तसे त्याचे तळहात घामानं ओले झाले.

बैठकीत लालासाहेबांनी, क्रांतीच्या वडिलांनी, फौजेतल्या सवयीप्रमाणं ताठ बसून एकेक प्रश्न विचारला. क्रांती पोहे घेऊन आली. जयराजनं बशी धरली आणि चमचा किणकिणायला लागला. तिनं ते पाहिलं. आता हा नाही म्हणणार, एवढंच तिला कळलं.

“क्रांती,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझा शेवटचा अंक भट्टीत जळाला. दुकानात न्यायचा नव्हता, मी नेला. चूक माझी हाय.”

नानासोंनी कपाळाला हात लावला.

“अंक? कसला अंक?” लालासाहेबांनी विचारलं.

“उल्काचा, आवं,” शालूबाई म्हणाल्या. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी सगळ्या कथा क्रांतीकडून अंथरुणावर ऐकल्या होत्या. घरातलं माणूस गेल्यासारखा त्यांचा आवाज आला.

क्रांतीला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुसरी कुणी नव्हती. आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. ती मागच्या पडवीत गेली. शालूबाईंनी जयराजला डोळ्यानं खुणावलं — जा.

बाहेर बारीक पाऊस होता. पत्र्याच्या कडेवरून थेंब ओघळत होते. तो खांबाशी उभा राहिला, जवळ यायचं धाडस होईना.

“राखंतनं काय निघालं?” तिनं पाठमोरीच विचारलं.

“मोहरीएवढं बी न्हाई.”

“गाडीत हरवला म्हणला असता तर मला कळलं बी नसतं.”

“काका तेच म्हणत हुते.”

“मग?”

“भ्या वाटलं,” तो म्हणाला. “आज एकदाच भ्यायचं, का जन्मभर तुझ्याकडं बघताना भ्यायचं... म्हणून आजच भ्यालो.”

ती वळली. राग अजून होता, पण डोळे त्याच्या चेहऱ्यावर थांबले.

“शेवटचं पान सांगा.”

त्यानं डोळे मिटले. बोट लावून वाचलेलं, त्यामुळं एकेक शब्द मनात रुतून बसला होता. बोगदा. उल्काची भीती संपली म्हणून उजेडही विझलेला. अंधारात भिंतीला हात लावत ती चालते, पाणी घोट्यापर्यंत —

“गुडघ्यापर्यंत.”

“घोट्यापर्यंत. पाण्यातनं टायरची चप्पल दिसती की चित्रात.”

“गुडघ्यापर्यंतच हुतं.”

आता बघून खात्री करायची सोय राहिली नव्हती. जयराजची मान खाली गेली. क्रांतीनं ओढणीनं डोळे पुसले.

“कोईमतूरला मला एक अक्षर कळायचं न्हाई,” ती हळूच म्हणाली. “दुकानाची पाटीसुदा. मला त्याचं भ्या वाटतं.”

“मी वाचून दावीन. मराठी सावकाश वाचतो... तमिळ झपाझप येतं.”

“माझे बाकीचे अंक घरातच राहतील. दुकानाच्या उंबऱ्याला शिवायचे न्हाईत.”

“कुठल्या घरात?”

“कोईमतूरच्या.”

त्यानं मान वर केली. “म्हंजे... अंक तिकडं येणार?”

“अंक एकटे येत्यात व्हय?” क्रांती म्हणाली, आणि त्याच्याआधी आत गेली.