काकूंचं स्टूल

त्या दिवशी ती घरातून निघाली ती अगदी साध्या कामाला. अकरा भट्ट्यांचे फोटो काढून झाले होते, बारावी राहिली होती. तेवढी झाली की वाचनालयाच्या भिंतीवर प्रदर्शन लागणार होतं. शहरात स्वतःच्या हाताने कॉफी भाजणारे म्हणून जे कोणी लहानसहान लोक होते, ते तिने महिनाभर गल्लीबोळ पालथे घालून हुडकले होते. एकजण मोटारसायकलच्या शेजारी गॅरेजमध्ये भाजायचा. एक बाई न्हाव्याच्या दुकानावरच्या माळ्यावर भाजायची, आणि खाली दाढीला बसलेली माणसं कॉफीचा वास घेऊन घरी जायची. एकाने तर बंद पडलेल्या तिकीट-खिडकीत भट्टी थाटली होती. तो पुड्या तिकिटासारख्या भोकातून बाहेर सरकवायचा आणि म्हणायचा, "पुढची गाडी नाही, परत इथेच या."

बाराव्याचा पत्ता त्यानेच दिला. "कानसेनांकडे जा. छापखान्याच्या जिन्याखाली."

"कानसेन?"

"ठार बहिरे आहेत हो. म्हणून कानसेन. पण भाजतात असं, की आम्ही तोंडात मारल्यासारखे गप्प बसतो."

फोटोवाली पस्तिशीची असेल. एकटीच राहायची. तीन वर्षांमागे तिची आई गेली, तेव्हा ही पुलावर मावळतीचे फोटो काढत होती. पिशवी बाजूला कठड्याशी ठेवलेली, फोन पिशवीत. शेजारणीने सात वेळा फोन केला. हिने पाहिला तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून ती पाठीवरची पिशवी बाहेर असताना म्हणून काढत नसे. बसता, उठता, वाकता, पिशवी पाठीलाच.

आई वह्या बांधायच्या कारखान्यात होती. तरुणपणीच कागद कापायच्या यंत्रात उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट पेरभर गेलं होतं. ती स्वतःच त्यावर हसायची. "माझा साडेचार बोटांचा हात," म्हणायची. रस्ता ओलांडताना तो हात लेकीच्या पाठीवर असायचा, दोन खांद्यांच्या मधोमध. लेक आईपेक्षा हातभर उंच झाली तरी असायचा. हाक नाही, ओरडा नाही. हात टेकला की निघायचं.

आई गेल्यावर फोटोवालीने खूप वाट पाहिली. रात्री दिवा मालवून कान देऊन बसायची. एखादी हाक, पावलाचा आवाज, भांड्याचा, काहीतरी. काही म्हणता काही आलं नाही.

असो. तर ती नऊ पायऱ्या उतरून खाली गेली. सकाळचे अकरा वाजले असतील, पण खाली तिन्हीसांज झाल्यासारखं. वर रस्त्याच्या पातळीला एकच आडवी खिडकी, त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. डोक्यावर छापखान्याची यंत्रं धडधडत होती. वास असा घट्ट, की पायरीगणिक अंगावर पांघरूण घातल्यासारखा वाटावा. मधे काळ्या पिंपाची भट्टी हळूहळू फिरत होती. भट्टीपुढे कानसेनकाका उभे होते, त्यांच्या उजव्या खांद्यामागे एक वेताचं स्टूल होतं. त्यावर कोणी नव्हतं.

काकांचं तोंड भट्टीकडे होतं. काळा सदरा, पांढरे केस. आणि दाराशी, हाताची घडी घालून, त्यांची लेक. शाळेत शिकवत असणार हे तिच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळावं.

"फोटो काढायला आलात ना? काढा, काढून घ्या," ती म्हणाली. "शेवटचेच आहेत."

"का हो?"

"तीन घाणे बघणार आहे मी आज. एक जरी जळला तरी भट्टी बंद, आणि बाबा माझ्या घरी. कबूल केलंय त्यांनी. अहो, बहिरा माणूस, एकटा, आगीशी! खोकल्याचा आवाज झाला तरी मी झोपेतून दचकून उठते. किती दिवस असं काढायचं?"

तिच्या रागामागे रडू होतं, ते फोटोवालीला दिसलं. माणसांकडे बघायचंच तिचं काम.

आता हे भाजणं कसं असतं ते सांगायला हवं. दाणा आत तापत जातो, तापत जातो, आणि एका क्षणी फुटायला लागतो. तडतड, तडतड. ती तडतड ऐकायची. ती जोरात असते तोवर दाणा कच्चा. विरळ झाली, एखाददुसरा टिचका राहिला, की झटकन दांडी ओढायची आणि दाणे खाली परातीत. पाव मिनिट उशीर झाला तर कडू, एक मिनिट झाला तर कोळसा. म्हणजे सगळा खेळ कानांचा. आणि हे तर ठार बहिरे.

पहिला घाणा फोटोवालीने डोळ्यांनी पाहिला. तडतड सुरू झाली. काका शांत. त्यांचं ना पिंपाकडे लक्ष ना घड्याळाकडे. भिंतीवर घड्याळच नव्हतं. तडतड विरळ झाली... आणि काकांनी मान किंचित हलवली, कोणाला तरी "बरं" म्हणावं तशी, आणि दांडी ओढली. परातीत दाणे सांडले, सगळे एका रंगाचे, खारकेसारखे. दाण्यांच्या सालीचा सोनेरी कोंडा हवेत उडाला आणि सगळ्यांच्या अंगाखांद्यावर बसला.

"सांगितलं तिने," काका हसून म्हणाले.

फोटोवालीला वाटलं, लेकीने खूण केली असेल. लेक म्हणाली, "मी काही सांगितलं नाही. एक झाला. योगायोग."

दुसरा घाणा पडला. तोवर सूर्य सरकला होता आणि खिडकीतून एक तिरीप नेमकी काकांच्या हातांवर आली होती. ती पकडायची तर जागा एकच, ते स्टूल. फोटोवालीने मागूनच विचारलं, "काका, इथे बसू का?"

बहिऱ्या माणसांची एक सवय असते. कोणी काही बोलतंय असं वाटलं की ती मान डोलावतात. सारखं "काय? काय?" म्हणायची लाज वाटते. डोळ्याच्या कोपऱ्यात तिची हालचाल दिसली तशी काकांनीही मान डोलावली. "हो हो, चाललंय."

ती बसली.

बसल्याबरोबर मांडीखाली असं गार लागलं, की जणू ओल्या पाटावर बसलंय. डिसेंबरातली फरशी लागते तसं नव्हे. माणूस नुकताच उठून गेला की जागा ऊबदार लागते ना, तसं, पण उलटं. आणि कानाशी कोणीतरी अवघडून उभं आहे असं वाटलं. पाहुण्याला ऊठ म्हणता येत नाही, म्हणून यजमानीण बाजूला उभी राहते, तसं. साबणाचा मंद वास आला. तिने मागे पाहिलं. भिंत होती.

तडतड सुरू झाली. वाढली. विरळ झाली. आता ओढतील, तिला वाटलं. डोळा कॅमेऱ्याला लावून ती वाट पाहत राहिली. आता. आता... काका उभेच. त्यांचा उजवा खांदा थोडा मागे झुकला होता, कोणाची तरी वाट पाहावी तसा. मग दुसरी तडतड सुरू झाली, बारीक, चिडलेली, आणि धूर आला.

"बाबा!" लेक ओरडली. कोणाला ऐकू जाणार? ती धावली, काकांना ढकलून तिनेच दांडी ओढली. परातीत कोळसा पडला.

वर यंत्रं थांबली होती, जेवणाची सुटी झाली असावी. लेकीने पदराने धूर वारला आणि भिंतीला टेकून खाली बसली. जिंकली होती ती, पण चेहरा हरल्यासारखा.

काका वळले. त्यांनी आधी कोळशाकडे पाहिलं नाही. स्टुलाकडे पाहिलं.

"तू... इथे बसलीस?"

"विचारलं होतं मी..." फोटोवाली झटकन उठली.

काका ओठांवरून समजायचे. त्यांनी स्टुलावर हात फिरवला, बाळाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "चूक माझी. न ऐकता मान डोलावतो. हिच्या आईने जन्मभर त्याच्यावरून बोलून घेतलं मला."

मग त्यांनी सांगितलं. कान गेले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून काकू ह्या स्टुलावर बसायच्या. तडतड ऐकायच्या आणि वेळ झाली की काकांच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायच्या. भांडण असलं, अबोला असला, तरी दोन बोटं वेळेवर. दोन वर्षांमागे काकू गेल्या. तेराव्या दिवशी काकांनी भट्टी विकायची म्हणून शेवटचा घाणा टाकला. "आणि टेकली की गं बोटं."

लेकीने कानांवर हात ठेवले. "बाबा, पुरे."

"हिला वाटतं, म्हातारा भ्रमलाय. वाटू दे. पण तिसरा घाणा राहिलाय. तीन म्हणाली होतीस."

"एक जरी जळला तर, असंही म्हणाले होते."

"मुख्याध्यापिकाबाई, पाहुणीच्या चुकीने विद्यार्थी नापास करता होय?"

लेकीला रडताना हसू आलं. "एकच," ती म्हणाली. "आणि मी दांडीपाशी उभी राहणार."

तिसरा घाणा पडला. फोटोवाली जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांत कॅमेरा. पिंप फिरत होतं. खिडकीतून पाय जात होते, येत होते. मग तेही थांबले. तडतड सुरू झाली.

स्टूल रिकामं. काही हललं नाही. काकांचा खांदा मागे झुकलेला, वाट पाहणारा. त्या झुकण्याकडे बघून फोटोवालीचा जीव तुटला. काकू आपल्यामुळे उठून गेल्या असतील तर? परत आल्याच नाहीत तर? तिला राहवलं नाही. ती चवड्यांवर पुढे गेली आणि हळूच दोन बोटं त्यांच्या खांद्यावर टेकवली.

काका वळलेसुद्धा नाहीत.

"अजून कच्चं आहे, बाळा," ते हलकेच म्हणाले. "आणि तुझी बोटं गरम आहेत. तिची गार असतात. मागे हो."

ती मागे झाली. भिंतीला लागेपर्यंत. तडतड विरळ होत गेली. एक टिचका... मग बऱ्याच वेळाने दुसरा... लेकीने दांडी घट्ट धरली.

आणि स्टुलाचा वेत करकरला.

बसताना करकरतो तसा, सावकाश. साबणाचा वास आला. खोलीत एवढा जाळ पेटलेला, पण लेकीच्या तोंडातून वाफ निघाली. काकांच्या काळ्या सदऱ्यावर, उजव्या खांद्याशी, कापड दोन जागी आत दबलं. दोन लहान खळगे. त्यांत भोवतालचा सोनेरी कोंडा हळूहळू येऊन बसला.

काकांनी मान हलवली आणि लेकीच्या हातावर हात ठेवून दांडी ओढली.

खारकेसारखे दाणे परातीत सांडले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती त्या खांद्याकडे बघत होती. मग ती काकांना वळसा घालून गेली आणि स्टुलाच्या पायाशी, फरशीवर, लहान मुलीसारखी मांडी घालून बसली.

"आई," ती एवढंच म्हणाली.

तिच्या कपाळावरची बट आपोआप बाजूला झाली.

फोटोवालीने कॅमेरा खाली केला. हा फोटो तिने काढला नाही.

निघताना काका तिला पायऱ्यांपर्यंत सोडायला आले. आत लेक परात ढवळत होती आणि उद्यापासून शाळा सुटली की येते, दुसरं स्टूल घेऊन येते, असं कोणाला तरी सांगत होती. काकांना तर ऐकू येत नव्हतं.

फोटोवालीने विचारलं, ओठ नीट हलवून. "काका... माझी आई का येत नाही? मी किती कान देऊन बसते."

काकांनी विचार केला. "मी बहिरा ना. माझी कान द्यायची सवयच मोडली, म्हणून कळलं. ती माणसं बोलत नाहीत गं. तू नुसती ऐकत बसलीस तर त्यांनी काय करावं?"

ती घरी पोचली तेव्हा संध्याकाळ होती. वाटेत मोठा रस्ता ओलांडताना ती आपल्याच विचारात होती, गाड्या बघायचं भान नव्हतं. पण कशी कोण जाणे, नेमक्या वेळी थांबली आणि नेमक्या वेळी निघाली. दारात तिने दिवसभरात पहिल्यांदा पाठीवरची पिशवी उतरवली. मग निळा कोट काढला. बाह्यांवर, कॉलरवर कोंडा होताच. तो तिने झटकला आणि कोट खुंटीला टांगायला उलटा केला.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, सोनेरी कोंड्याचा एक पंजा उमटला होता. तिथे तिचा स्वतःचा हात पोचत नाही. आणि तिथे दिवसभर पिशवी होती. पिशवीची पाठीला लागणारी बाजू तिने दिव्याखाली धरून पाहिली. स्वच्छ होती. एक कण नाही.

तिने बोटं मोजली. परत मोजली.

साडेचार भरली.

तिने त्यावर तळवा ठेवला. कापड त्या स्टुलासारखं गार होतं, आणि तळव्याखाली ते जरासं, अगदी जरासं, पुढे ढकलल्यासारखं हललं.