ताईचा आजार

“साडेपाच वर्षं डॉक्टर व्हायला, तीन सर्जन व्हायला… साडेआठच होतात. मग शाळा सुटल्यापासून साडेदहा कशी लागली तुम्हाला?”

मुलीचे वडील जन्मभर गणित शिकवलेले मास्तर! सोयरीक ठरवायला आले, तरी बोटांची पेरं मोजायची सोडेनात.

चहाचा ट्रे घेऊन आलेली ताई दारातच थबकली.

“ताईच्या आजारपणात दोन वर्षं गेली,” भाऊ सहज बोलून गेला.

ताईच्या हातातल्या कपबशा किणकिणल्या. आजारपण! हा पठ्ठ्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटला, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तेव्हा लोकांची तोंडं बंद करायला तिनेच ही थाप मारली होती. दिवसभर शिलाई मशीन चालवणारी ती धडधाकट बाई शेजाऱ्यांसमोर मुद्दाम खोकायची… आणि तिला सांगून आलेलं स्थळ ‘दुखणाईत मुलगी नको’ म्हणून परत गेलं, तेव्हाही तिने ओठ मिटूनच ठेवले. पण आज? आज हा स्वतः तेच म्हणतो? अरे, लोक म्हणत होते तोवर ती निदान अफवा होती. डॉक्टरच म्हणाला की तो रोग झाला!

मास्तर खुर्चीत पुढे सरकून ताईकडे वळले. “आजार कसला म्हणायचा? नाही, म्हणजे… घराण्यातला तर नाही ना? आमच्या मुलीच्या पोराबाळांचा प्रश्न आहे.”

भावाचा चेहरा उतरला.

“मला काय विचारता?” ताईचा आवाज संतापाने कापत होता. “हा एवढा शिकलाय. सांगू दे ना माझा आजार!”

भाऊ उठून उभा राहिला.

“ताईला साधा तापसुद्धा आला नव्हता, मास्तर. मी दोनदा नापास झालो. माझी लाज तिने अंगावर घेतली, तिचं लग्न मोडलं… आणि मी अकरा वर्षं गप्प बसलो.” त्याचे डोळे भरून आले. “ताई, चुकलो गं!”

मास्तरांनी चष्मा पुसला. “हिशेब जुळला,” ते हलकेच म्हणाले. “मुलीला मी हे सगळं सांगेन. बहुधा ती हो म्हणेल… पण आधी ताईंना भेटायला येईल.”

भावाने थरथरत्या हातांनी ताईच्या हातातला ट्रे घेतला. ‘माफ केलं’ असं ती म्हणाली नाही. इतक्या लवकर कशी म्हणेल?

“नीट धर,” डोळे पुसत ती फणकारली, “सर्जन ना तू!”