डबा पळवणारी

तो आला तेव्हा मी तंबूच्या दारात त्याचाच डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि भावजी त्यातली शिट्टी वाजवून बघत होते.

"हा... कुठे मिळाला?" त्याने विचारलं. गुडघ्यांना चिखल, केसांत कोळिष्टकं, चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर.

"पडलेल्या झाडाच्या मुळाशी," मी ऐटीत सांगितलं. "जिओकॅशिंग म्हणतात याला. पहिल्यांदाच केलं काल, आणि वीस मिनिटांत शोधला."

"आणि उचलून आणलात?"

"मग? शोधायचा कशाला असतो?"

तो मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. डबा त्याने लपवला होता. जागेचे अक्षांश-रेखांश तो ॲपवर टाकतो, लोक फोन बघत बघत तिथे पोचतात, डब्यातल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथेच ठेवून जातात. ते शेवटचं मी वाचलंच नव्हतं. सकाळी दोघांनी डबा नसल्याचं कळवलं, म्हणून हा बिचारा अर्धा तास मुळांखाली हात घालत बसला होता, आणि शेवटी शिट्टी ऐकून इकडे वळला होता.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. भावजींनी शिट्टी पुसून परत दिली. ताईने पर्समधून डब्यातलं कीचेन काढलं.

"चला, ठेवून येऊ," तो म्हणाला. "आरोपीला घटनास्थळी न्यावंच लागतं."

निघताना ताई कानाशी कुजबुजली, "बाराला निघायचंय. या वेळी तरी बोल बाई काहीतरी."

तिला सगळं माहीत आहे ना! मी चष्म्याच्या दुकानात काम करते. शेजारच्या काउंटरवरचा एकजण मला दोन वर्षं आवडत होता. मी मूग गिळून गप्प बसले, आणि शेवटी त्याच्याच लग्नात जेवून आले.

गवत अजून ओलं होतं. तो पुढे, मी मागे... मग कधीतरी शेजारी.

"फोन पाच-सहा मीटर चुकतोच," तो सांगत होता. "जमीन मोजायचंच काम करतो मी, म्हणून सांगतो. तिथून पुढे डोळ्यांनीच शोधायचं."

"या चष्म्यातून?"

"का? काय झालं चष्म्याला?"

मला राहवलं नाही. सरळ त्याच्या नाकावरून चष्मा उचलला, काड्या जराशा वाकवल्या आणि पुन्हा त्याच्या कानांवर बसवला. दिवसातून पन्नास जणांना बसवते मी. काम झालं की हात मागे घेते. आज ते काड्यांवरच राहिले.

"आता नीट दिसतंय?"

"फारच," तो म्हणाला. बघत मात्र होता माझ्याकडेच.

झाडापाशी मी वहीत नाव लिहिलं, तारीख घातली. त्याने डबा मुळाखाली सरकवला आणि वर पाचोळा पसरायला लागला. तेवढ्यात लांबून भावजींच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"जायला हवं," मी म्हणाले.

"हं."

तो अजून पाचोळा पसरतच होता. आता पाठ फिरवली की संपलं... नेहमीसारखं.

"ऐका ना. मला तुम्ही आवडलात. तासाभराच्या ओळखीत असं होतं का, ते मला माहीत नाही. पण गप्प बसून मी एकदा हात पोळून घेतलेत. पुन्हा नाही."

त्याचे हात थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "डबा केव्हाच झाकला गेलाय. मी आपला उगाच पाचोळा टाकतोय... तुम्ही जाऊ नये म्हणून."

पुन्हा हॉर्न वाजला. मी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि ओंजळभर पाचोळा उचलला.