तिसरा डबा

गुडघ्यावर निळा डाग.

खारट कॉफी.

गंजका डबा, ज्यात कुठलाही चोर हात घालणार नाही.

चार वाजता येणारी गाडी.

सोमवार, दुपारचे तीन. मलेशियातल्या इपोह शहरातल्या ओंग बेंग हुआट यांच्या घरातून त्यांच्या दिवंगत बायकोची जेडची, म्हणजे हिरव्या मौल्यवान दगडाची, बांगडी गेली होती. ओंग वीस वर्षं आंधळे. त्यांना सांभाळायला पगारावर ठेवलेली इंडोनेशियातल्या जावा बेटावरची वार्तिनी चोर ठरली होती. चारला तिला कामाला लावणाऱ्या एजन्सीची गाडी तिला कायमची न्यायला येणार होती. ओंगनीच खासगी गुप्तहेर मंगलेश्वरीला बोलावलं. सोबत तिचा सहायक रामली.

"हिनंच घेतली," ओंगची बहीण सिव चू म्हणाली. "काल दुपारी मी इथं होते ना! काय तो गबाळेपणा. खुर्ची भलतीकडे, बरण्या कशाही. सणाच्या तोंडावर असं घर ठेवतात?"

"काल माझी सुट्टी होती," वार्तिनी म्हणाली. "आज सकाळी आले. मीठ-साखरेची अदलाबदल झालेली. आणि अंकलचा गुडघा सुजलेला. एक दिवस सोडून गेलं की मोडून घेतात स्वतःला!"

"बघा, मालक कोण ते," ओंग हसले.

"गुडघा कधी आपटला?" मंगलेश्वरीनं विचारलं.

"काल. जेवणानंतरची कॉफी गोड होती. मग झोपलो. उठलो, तर वाटेत खुर्ची. मग मी केलेली पुढची कॉफी खारट."

"आणि बांगडी?"

"फळीवर डावीकडून तिसरा डबा. गंजका. त्यातच ठेवायचो. आज हाताला गुळगुळीत लागला. आत बिस्किटं."

"डब्यासकट लांबवली!" सिव चू म्हणाली.

रामलीनं मान डोलावली. "पटतंय."

"तुला काहीही पटतं," मंगलेश्वरी म्हणाली. "अरे, आंधळ्याच्या घरात वाटेत खुर्ची कोण ठेवेल? वार्तिनी? ती तर सुट्टीवर. ही चूक डोळसाची, इथं न राहणाऱ्याची, आणि ओंग झोपले असतानाची. सिव चूबाई, सणाची आवराआवर तुम्ही केलीत."

"केली! खुर्ची खिडकीशी छान दिसते. बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. आवरणं म्हणजे चोरी?"

"आणि गंजका डबा?"

सिव चूचा चेहरा उतरला. "तो... भंगाराच्या पिशवीत. जिन्याखाली. इतका घाण, उघडलासुद्धा नाही."

रामली धावला. डबा आला. ओंगनी बांगडीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. वार्तिनी रडता रडता हसू लागली.

"चुकलं गं माझं," सिव चू पुटपुटली.

बाहेर हॉर्न वाजला.

"गाडीवाल्याला आत बोलवा," ओंग म्हणाले. "सिव चू, त्याला कॉफी तू कर. माझ्या कालच्या दुसऱ्या कॉफीसारखी."

नोकरीच्या पहिल्या दिवशी वार्तिनीनं डोळ्यांना फडकं बांधून या घरात तीन फेऱ्या मारल्या होत्या.