पिठावरची रिकामी जागा

तो टीव्ही बंद कर रे राहुल, आणि नीट ऐका. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. आमच्या सदानंद सुताराच्या बाबतीत घडलेली आहे, तिकडे आखातात, दुबईपलीकडच्या फुजैराच्या पोर्टात. सन अठ्ठ्याण्णव, दोन नोव्हेंबर, सोमवारची रात्र.

सदानंद निघाला होता साध्या कामाला. तो ज्यांच्या हाताखाली होता ते फेरेन्स साहेब त्या दुपारी धक्क्यावरच्या आपल्या राहत्या केबिनमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. शवपेटीसाठी तिथून त्यांचा सूट आणायचा होता. साहेब हंगेरीतल्या एका लहानशा गावचे. केबिनच्या भिंतीवर तिथल्या चर्चचा फोटो: दोन मनोरे, जाड दगडी भिंती, शेकडो वर्षांपूर्वी अनवाणी राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांनी बांधलेलं. साहेब म्हणायचे, "सदा, अकेला घर जाने का मन नहीं. तुम भी चलो." हा मान हलवायचा, "इन्शाल्ला साहेब, साथ में जायेंगे." आपण 'देवाच्या मनात असेल तर' म्हणतो तसं. बोलायला काय जातं?

सूट हातात घेतला तरी त्याला रडू येईना. आतून सगळं बधिर. मग गावची रीत आठवली. माणूस गेला त्या जागी पीठ पसरायचं, दिवा लावायचा आणि सकाळी त्यात पावलं बघायची. त्याने मेसमधून आटा आणला, खुर्चीपासून दारापर्यंत पसरला, दिवा लावला.

"अरे, वो क्रिश्चन था," त्याला घेऊन आलेला ड्रायव्हर मुनीर म्हणाला.

"तो क्या हुआ? यहाँ उसका है कौन?"

दार ओढून दोघे पायरीवर बसले. बारा वाजून गेले. समुद्र गप्प होता.

आणि घंटा वाजली. जहाजाची नव्हे... मोठी, सावकाश, चर्चची असावी तशी. मुनीरने त्याचा दंड धरला.

आत पावलं. अनवाणी. पुष्कळ...

"सदा..."

आवाज साहेबांचाच. रात्री तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सदानंदने ओठ दाबून धरले.

"सदा..."

तो थांबला. तिसऱ्या हाकेला ओ द्यायचीच, असं त्याने ठरवलं होतं, पोरांनो. भीती नव्हती. साहेबांना दिलेल्या पोकळ शब्दाची नुसती लाज वाटत होती.

तिसरी हाक आली नाही.

उजाडल्यावर दार उघडलं. दिवा जळत होता. पिठात अनवाणी पावलं, दोघा-दोघांच्या जोडीने, ओळीने दाराकडे निघालेली. शेवटच्या जोडीत डावीकडे साहेबांच्या सेफ्टी शूजचे ठसे.

उजवीकडे पीठ कोरं. एका माणसापुरतं.